वीणेच्या तारा आणि आयरिश हार्प : सोण सुत्ताचा अभ्यास



आपण आयर्लंडमध्ये राहतो. इथे खिशातल्या युरोच्या नाण्यावर, पासपोर्टवर आणि सरकारी पत्राच्या डोक्यावर एकच चिन्ह दिसते : तारांचे एक वाद्य, हार्प. राष्ट्रचिन्ह म्हणून वाद्य निवडणारा देश विरळाच. आणि आपल्या त्रिपिटकात तथागतांनी प्रयत्न किती करावा, कसा करावा हे समजावताना जे उदाहरण घेतले, तेही तारांच्या वाद्याचेच. या अंकात सोण सुत्ताचा अभ्यास करू आणि त्यासाठी आपल्या शेजारच्या या जुन्या हार्पची मदत घेऊ. ही निवड ओढूनताणून केलेली नाही. बुद्धकाळातली वीणा आणि हार्प ही एकाच कुळातली वाद्ये आहेत. ते कसे, हे पुढे येईलच.

सोणाची गोष्ट

ही कथा अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात आहे आणि विनयाच्या महावग्गातही आहे. सोण कोळिविस हा चंपा नगरीतील श्रीमंत श्रेष्ठीचा मुलगा. इतका सुखात वाढलेला की त्याच्या तळपायांवर कोवळी लव उगवली होती, असे विनयात सांगितले आहे. त्याने घर सोडले, भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात राहू लागला. तिथे त्याने चंक्रमण सुरू केले. इतके चालला की कोवळे पाय फुटले आणि चालण्याची वाट रक्ताने माखली. तरीही चित्त मुक्त झाले नाही. मग त्याच्या मनात आले की एवढे कष्ट करूनही काही हाती लागत नसेल, तर घरी परत जावे. घरी संपत्ती आहे, ती उपभोगावी, दानधर्म करावा.

तथागत गृध्रकूट पर्वतावरून त्याच्याकडे आले. त्यांनी त्याला रागावले नाही, उपदेशाची मोठी फेरीही सुरू केली नाही. त्यांनी फक्त विचारले की घरी असताना तू वीणा चांगली वाजवायचास ना? सोण हो म्हणाला. तारा फार ताणलेल्या असताना वीणा नीट वाजायची का? नाही. फार सैल असताना? नाही. मग ना फार ताणलेल्या ना फार सैल, योग्य जुळवलेल्या असताना? तेव्हा वाजायची. तथागतांनी सांगितले की वीर्याचेही तसेच आहे. फार ताणले तर मन अस्वस्थ, उडते होते. फार सैल सोडले तर आळस येतो. म्हणून वीर्यात समता राख, श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा या पाचही इंद्रियांची समता ओळख आणि तिथे चित्त लाव. सोणाने तसे केले आणि तो अर्हत झाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तथागतांनी सोणाला बाहेरून नवे उदाहरण आणून दिले नाही. जे कौशल्य त्याच्या हातात आधीपासून होते, त्यातूनच त्याला धम्म दाखवला. आपल्यापैकी कुणी नर्स आहे, कुणी सॉफ्टवेअरमध्ये आहे, कुणी हॉटेल चालवते. प्रत्येकाच्या कामात अशी एक वीणा असते.

ही वीणा कोणती?

वीणा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सरस्वतीच्या चित्रातली लांब दांडीची, भोपळ्याची, पडदे असलेली वीणा येते. बुद्धकाळातली वीणा तशी नव्हती. ती धनुष्याच्या आकाराची होती. खाली होडीसारखी पोकळ नादपेटी, तिच्यावर कातडे, एका टोकातून वर वळत जाणारी मान आणि त्या मानेपासून नादपेटीपर्यंत ताणलेल्या तारा. प्रत्येक सुराला स्वतंत्र तार. म्हणजेच ती हार्प होती.

पुरावा पाहायला फार दूर जायला नको. पुणे जिल्ह्यात मळवलीजवळच्या भाजे लेण्यांतल्या विहाराच्या ओसरीत जे प्रसिद्ध कोरीव काम आहे, त्यात अशी हार्प वाजवणारी व्यक्ती आणि तिच्याजवळ नर्तकी दिसते. सांची आणि अमरावतीच्या शिल्पांत हेच वाद्य आहे. भारहूतच्या कठड्यावर इंद्रशाल गुहेचा प्रसंग कोरलेला आहे, त्यातही पंचशिखाच्या हातात तेच आहे. चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर राजा स्वतः ही वीणा वाजवत बसलेला दिसतो. त्यानंतरच्या काही शतकांत मात्र ती भारतातून जवळजवळ नाहीशी झाली आणि वीणा हे नाव दुसऱ्याच वाद्यांकडे गेले.

जवळजवळ म्हटले, कारण ती पूर्ण मेली नाही. म्यानमारमध्ये सौंग गौक या नावाने ती आजही सन्मानाने वाजवली जाते. अफगाणिस्तानातल्या नुरिस्तानात तिचे एक भावंड आहे. आणि मध्य प्रदेशात मंडला परिसरातल्या परधान गायकांकडे बीन-बाजा नावाची छोटी धनुष्याकृती हार्प आहे. राजदरबारांनी जे वाद्य टाकून दिले, ते आदिवासी कलावंतांनी सांभाळले. पुस्तकी इतिहास ज्यांची नोंद घेत नाही, त्यांच्याच हातात इतिहास जिवंत राहतो, हे आपल्याला नवे नाही.

आयर्लंडची हार्प कशी हरवली आणि कशी सापडली

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची जुनी हार्प हे राष्ट्रचिन्हाचे मूळ. १९२२ साली नव्या राज्याने शिक्क्यासाठी तिचाच नमुना घेतला. लोक तिला ब्रायन बोरू या राजाची हार्प म्हणतात, पण तो राजा १०१४ साली मारला गेला आणि हार्प साधारण चौदाव्या-पंधराव्या शतकातली आहे. म्हणजे नाव दंतकथेतून आले आहे. तपासून पाहिल्याशिवाय स्वीकारू नका, ही कालाम सुत्ताची शिकवण इथेही लागू पडते.

ही जुनी हार्प, आयरिश भाषेत क्लॉर्शख, आजच्या हार्पहून वेगळी होती. नादपेटी लाकडाचा एकच ओंडका कोरून केलेली, तारा धातूच्या, बहुधा पितळेच्या, आणि वाजवायची वाढवलेल्या नखांनी. सतराव्या शतकात गेलिक सरदारांची सत्ता मोडली आणि वादकांचा आश्रय गेला. वादक गावोगाव फिरू लागले. त्यांच्यातले अनेक अंध होते, कारण देवीच्या रोगाने डोळे गेलेल्या मुलाला हा एक सन्मानाचा व्यवसाय उरत असे.

जुलै १७९२ मध्ये बेलफास्टला उरलेल्या वादकांना बोलावून मेळावा भरवला गेला. आयर्लंडभरातून फक्त दहा जण आले. त्यांत सगळ्यांत वृद्ध होता डेनिस हेम्पसन. वयाची नव्वदी ओलांडलेला, लहानपणीच देवीने अंध झालेला. जुन्या पद्धतीने नखांनी वाजवणारा तो एकटाच उरला होता. धून लिहून घेण्यासाठी एडवर्ड बंटिंग हा १९ वर्षांचा तरुण ऑर्गनवादक नेमला होता. त्याने पुढे आयुष्यभर हे काम केले आणि तीन संग्रह छापले, त्यातला शेवटचा १८४० साली. त्याच्यामुळे शेकडो धून वाचल्या.

पण एक गोष्ट निसटली. बंटिंगने धून पियानोसाठी मांडून छापल्या. कोणते बोट कोणत्या तारेवर, कोणती तार कधी थांबवायची, ही हातांची विद्या कागदावर थोडीच आली. हेम्पसन १८०७ मध्ये वारला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गुरूकडून शिष्याकडे जाणारी परंपरा तुटली. दरम्यान डब्लिनच्या जॉन ईगनने आतड्याच्या तारांची हलकी, नवी हार्प बनवली. आज शाळांत आणि मैफलीत आपण बहुतेक वेळा पाहतो ती तिची वंशज. युनेस्कोने २०१९ मध्ये आयरिश हार्पवादनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, त्यात या सगळ्या प्रवाहांचा वाटा आहे.

धातूच्या तारांची जुनी हार्प पुन्हा वाजू लागली ती गेल्या पन्नासेक वर्षांत. संग्रहालयातल्या वाद्यांची मापे घेतली गेली, प्रतिकृती बनल्या, बंटिंगची हस्तलिखिते बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात पुन्हा वाचली गेली. अमेरिकेतल्या अ‍ॅन हेमन यांच्यासारख्या वादकांनी एकेका हालचालीचा शोध घेतला. आता किलकेनीला दर उन्हाळ्यात या हार्पची शाळा भरते.

वाद्य मिळवणे आणि शिकणे

ज्याला शिकायचे आहे, त्याला अस्सल पुरातन वाद्य मिळत नाही आणि मिळूही नये. जुन्या लाकडाला तारांचा ताण आज सोसत नाही. म्हणून शिकायचे ते मापे जुळवून केलेल्या प्रतिकृतीवर. मी भाड्याने मिळालेल्या अशाच एका प्रतिकृतीवर शिकतो आहे. नवशिक्याला पहिल्या काही महिन्यांत जे समजते, ते सोण सुत्ताच्या संदर्भात मांडतो.

पहिले : समता म्हणजे सगळीकडे सारखा ताण नव्हे. हार्पच्या तारा वेगवेगळ्या लांबीच्या आणि जाडीच्या असतात, त्यामुळे प्रत्येक तारेचा योग्य ताण वेगळा. सगळ्या तारा एकाच ताणावर आणल्या तर एकही धून वाजणार नाही. शिवाय ताण आणि सूर यांचे नाते सरळ नाही. एकच तार एक सप्तक वर न्यायची तर ताण दुप्पट नव्हे, चौपट लागतो. थोड्या जास्त सुरासाठी फार जास्त किंमत पडते आणि पितळ मध्येच तुटते. अशा वेळी वाटते की जाड तार घ्यावी, ती टिकेल. तसे होत नाही. त्याच लांबीची जाड तार त्याच सुरावर न्यायला त्याच प्रमाणात जास्त ताण लागतो, आणि धातूची मर्यादा तीच राहते. उपाय एकच : त्या लांबीला आणि त्या धातूला झेपेल तो सूर मान्य करणे.

सोणाच्या बाबतीत हेच घडले. जन्मभर पायी चालणाऱ्या दुसऱ्या भिक्खूला जे चंक्रमण सोपे होते, ते त्याच्या पायांना झेपणारे नव्हते. तथागतांनी त्याला संघातल्या इतरांचा ताण दिला नाही, त्याचा स्वतःचा योग्य ताण शोधायला सांगितले.

दुसरे : समता एकदा साधून संपत नाही. नवी पितळी तार लावली की ती कित्येक दिवस सैल होत राहते. रोज किल्ली घेऊन खुंट्या फिरवाव्या लागतात. त्यात आयर्लंडची हवा. बाहेर ओल, आत हीटिंगची कोरडी ऊब. लाकूड फुगते, आकसते आणि सकाळी जुळवलेले वाद्य संध्याकाळी उतरलेले असते. बंटिंगने नोंदवलेल्या जुन्या पद्धतीत आधी मधल्या, एकाच सुरात लावायच्या दोन जोडतारा जुळवतात आणि मग त्यांच्या आधाराने बाकीच्या. म्हणजे रोज कुठून सुरुवात करायची, हे ठरलेले असते. आपल्यासाठी त्या जोडतारा म्हणजे त्रिशरण आणि पंचशील. रोज सकाळी तेवढे पक्के केले की दिवसाच्या बाकी तारा त्यांच्याशी ताडून पाहता येतात.

तिसरे, आणि सगळ्यांत अवघड : नाद सोडून देणे. धातूची तार छेडली की ती बराच वेळ गुंजत राहते. आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारेचा आवाज लवकर विरतो, पितळेचा विरत नाही. त्यामुळे पुढचा सूर छेडताना मागचा सूर बोटाने हळूच थांबवावा लागतो, नाहीतर सगळे एकमेकांत मिसळून गोंगाट होतो. अर्धे शिक्षण छेडण्याचे आणि अर्धे थांबवण्याचे आहे. कोणता सूर राहू द्यायचा आणि कोणता शांत करायचा, हे कळले की धून उलगडते. ऑफिसमधली बैठक संपते, पण मनात तिची तार वाजत राहते. मुलाच्या अभ्यासाला बसतो आणि मागचा आवाज चालूच असतो. आनापानसतीत आपण जे करतो, ते असेच हलक्या बोटाने मागची तार शांत करणे आहे. जोरात दाबली तर तार खरखरते. बोट नुसते टेकवायचे असते.

नाद कुठे आहे? वीणोपम सुत्त

संयुत्त निकायाच्या सळायतन संयुत्तात दुसरी एक वीणा आहे. एका राजाने कधीच वीणा ऐकलेली नव्हती. तो नाद ऐकून मोहून गेला आणि म्हणाला, तो नाद मला आणून द्या. लोकांनी वीणा आणून दिली. तो म्हणाला, मला वीणा नको, नाद हवा. त्याला समजावले की नाद असा वेगळा आणता येत नाही. नादपेटी, कातडे, दांडा, तारा, छेडण्याचे साधन आणि माणसाचा योग्य प्रयत्न, इतके एकत्र आले की तो उत्पन्न होतो. राजाला पटले नाही. त्याने वीणेचे तुकडे केले, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे केले, शेवटी जाळून राख वाऱ्यावर उडवली. नाद सापडला नाही. तथागत सांगतात की रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांचा असाच शोध घेतला तर त्यांत मी किंवा माझे म्हणावे असे काही सापडत नाही.

हा अनात्मवाद बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात किती ठामपणे मांडला, हे आपण जाणतो. ज्यांना जन्मावरून ठरलेला आत्मा आणि त्यावरून ठरलेली जात सांगितली गेली, त्यांच्यासाठी हा नुसता तत्त्वज्ञानाचा मुद्दा नाही. माणसाच्या आत जातीचा कोणताही तुकडा नाही. जात ही कारणांनी उभी राहिलेली गोष्ट आहे, कारणे काढली की ती पडते.

या सुत्ताला दुसरी बाजूही आहे. ट्रिनिटीच्या काचपेटीत हार्पचे सगळे भाग आहेत, तरी नाद नाही, कारण माणसाचा प्रयत्न हा शेवटचा भाग तिथे नाही. घरात कपाटात ठेवलेला ग्रंथ, भिंतीवरची तसबीर आणि १४ एप्रिलचा कार्यक्रम हे भाग आपल्याकडे आहेत. पण परंपरा तुटते ती हातातून. हेम्पसनच्या धून उरल्या आणि हात हरवले, ते परत मिळवायला दीडशे वर्षे लागली. आपल्या मुलांना वंदना पाठ येते, पण तिचा अर्थ आणि सराव आपण त्यांच्या हातात दिला का, हा प्रश्न परदेशात आणखी टोकदार होतो.

उपासकाने वाद्य वाजवावे का?

हा प्रश्न धम्मवर्गात नेहमी येतो. अष्टशील घेतलेल्या उपोसथाच्या दिवशी नृत्य, गायन आणि वादन यांपासून दूर राहायचे असते. पंचशील पाळणाऱ्या उपासकाला रोजच्या जीवनात ती मनाई नाही. दीघ निकायाच्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणेवर गातो, तेव्हा तारांचा सूर आणि गळ्याचा सूर एकमेकांशी जुळतात, याचे तथागत कौतुक करतात.

आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. गावगाड्यात वाद्य वाजवणे अनेकांच्या वाट्याला जातीने आलेले काम होते. दुसऱ्याच्या मिरवणुकीपुढे वाजवायचे आणि मग वेशीबाहेर बसायचे. ते सोडून देणे हा मुक्तीचा भाग होता. सोडली ती सक्ती. संगीत आपण सोडले नाही. भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि पुढे वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी चळवळ घराघरांत नेली. साधे तुणतुणे घ्या : लाकडी डबा, खाली कातडे, एक काठी आणि एक तार. वीणोपम सुत्तातले जवळजवळ सगळे भाग त्यात आहेत, आणि त्या एका तारेवर माणूस जागा झाला. स्वतः बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात, कामाचा एवढा डोंगर असताना, व्हायोलिन शिकायला घेतले होते.

आपल्या तारा

परदेशातल्या आपल्या घरांत दोन्ही चुकीचे ताण एकाच वेळी दिसतात. नोकरीची तार तुटेपर्यंत ताणलेली असते : परमिट, घराचे कर्ज, गावाकडचा खर्च आणि आपल्याला इतरांपेक्षा दुप्पट सिद्ध करावे लागेल ही पिढ्यांची सवय. धम्माची तार मात्र सैल, वर्षातून दोनदा वाजणारी. मग कधीतरी सोणासारखे वाटते की हे काही आपल्याला जमणार नाही, नुसते दान देऊ या.

विनयातल्या कथेचा शेवट इथे आठवावा. तथागतांनी सोणाला त्याच्या कोवळ्या पायांसाठी वहाणा वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला की एवढे ऐश्वर्य सोडून आलो, आता एकट्यासाठी सवलत घेणार नाही. संघाला मिळाली तर मीही घेईन. तेव्हा तथागतांनी सर्व भिक्खूंना एका तळाच्या वहाणा वापरण्याची मुभा दिली. ज्याने समता स्वतःच्या वीर्यात शोधली, त्यानेच ती संघातही मागितली. धम्मातली समता आणि समाजातली समता या दोन वेगळ्या तारा नाहीत.

या महिन्याचा अभ्यास

१. रोज सकाळी त्रिशरण-पंचशील झाल्यावर दोन मिनिटे स्वतःला विचारा : आज कोणती तार फार ताणलेली आहे, कोणती सैल आहे? एकच खुंटी थोडी फिरवा.

२. रोज संध्याकाळी दहा मिनिटे आनापानसती. मागची तार हलक्या बोटाने शांत करण्याचा सराव म्हणून तिच्याकडे पाहा.

३. मुलांना घेऊन ट्रिनिटीची हार्प दाखवा आणि तिथेच त्यांना राजाची आणि तुटलेल्या वीणेची गोष्ट सांगा. मग विचारा, नाद कुठे आहे?

४. पुढच्या धम्मवर्गात चर्चा करू : आपल्या घरात कोणती विद्या हातातून हातात जाणे थांबले आहे, आणि ती पुन्हा सुरू करायला या वर्षी आपण काय करू शकतो?

ज्यांच्याकडे गावाकडून आलेले तुणतुणे, एकतारी किंवा कोणतेही वाद्य असेल, त्यांनी ते धम्मवर्गाला जरूर आणावे. आपण ते जुळवून पाहू.

जय भीम! नमो बुद्धाय!